आधी जेवण की आधी नाटक?

नमस्कार, श्रोतेहो. भाचरांना बाहेर जेवू घालायचं आणि संगीत नाटकाला न्यायचं, असा बेत तुम्ही कधी आखला असेल, तर पहिला तिढा तुम्हाला ठाऊकच असेल. जेवण आधी की नाटक आधी?

माझी थोरली भाची बारा वर्षांची, धाकटा आठचा. पहिल्या खेपेला मावशीनं मोठ्या ऐटीत जेवण आधी ठेवलं. टेबल राखून ठेवलेलं, नाटकाला दीड तास अवकाश. पण आठ वर्षांच्या मुलाच्या हाती मेन्यूकार्ड दिलं की तो ते पहिल्या पानापासून वाचतो, आणि मागतो नेमकं तेच, जे व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आम्ही नाट्यगृहाशी पोचलो तेव्हा दारं लागली होती. उशिरा येणाऱ्यांना एखादं गाणं संपून टाळ्या पडल्या की मगच आत सोडतात. नियम रास्त आहे, माझी तक्रार नाही. पण सुरुवातीचं वादन आम्ही तिघांनी दाराला कान लावून ऐकलं, आणि मग अंधारात लोकांच्या गुडघ्यांना अडखळत, ‘सॉरी, सॉरी’ म्हणत जागेवर गेलो. पोटं तुडुंब. तिसऱ्या गाण्याला धाकट्याचं डोकं माझ्या खांद्यावर.

तेव्हापासून मी दुपारचा प्रयोग धरते. आधी पोटाला आधार म्हणून काहीतरी हलकं आणि खरं जेवण नाटक सुटल्यावर. मुलं तेव्हाच बोलतात. जेवण आधी उरकलं तर ते बोलणं गाडीत पेंगत संपून जातं.

वेळेचा धसका मात्र घेऊ नका. १८६६ साली न्यूयॉर्कमध्ये ‘द ब्लॅक क्रुक’ नावाचा खेळ लागला होता, तो पहिल्या रात्री साडेपाच तास चालला म्हणतात. आपल्याकडे बालगंधर्वांच्या काळात ‘वन्समोअर’ घेता घेता रात्र सरायची. आता बहुतेक खेळ मध्यंतर धरून अडीच-पावणेतीन तासांत आटोपतात. तरी पहिला अंक तासाभराहून मोठा असतो, तेव्हा ‘मला नाही लागलीये’ हे उत्तर ऐकून घ्यायचं आणि मुलांना तरीही नेऊन आणायचं.

आता एक गोष्ट, जिच्यावरून माझं आणि माझ्या बहिणीचं वाजतं. मी मुलांना नाटकाची गोष्ट आधीच सांगून टाकते. ‘अगं, मग मजा काय राहिली?’ असं ती म्हणते. पण संगीत नाटकात निम्मी गोष्ट गाण्यांत असते. चार जण एकदम वेगवेगळं गायला लागले की शब्द मोठ्यांच्याही हाती लागत नाहीत. गोष्ट ठाऊक असली की ‘हा कोण? ती का रडतेय?’ ही कुजबुज थांबते आणि डोळे मोकळे होतात. शेवट तेवढा राखून ठेवते.

आणि मोकळे डोळे काय काय टिपतात! धाकट्यानं विचारलं, ‘मावशी, त्या बाईला कपाळावर डास चावलाय का?’ मी दुर्बिणीतून पाहिलं. केसांच्या रेषेशी मसुराएवढा फुगवटा. तो मायक्रोफोन. त्याची वायर टोपाखालून पाठीवर उतरते आणि कपड्यांच्या आत बांधलेल्या छोट्या डबीत जाते. मग काय, त्यानंतर तो प्रत्येक नटाचं कपाळ तपासत बसला. मी आधी वैतागले, मग म्हटलं, निरखून निरखून बघतोय ना, बघू दे.

थोरलीचं वेगळंच. दुसऱ्या अंकात पहिल्या अंकातली चाल परत आली तशी ती फणकारली, ‘तेच गाणं पुन्हा? यांच्याकडची संपली वाटतं.’ मी गप्प राहिले. जेवताना, ताटातलं चिवडत, तीच म्हणाली, ‘पण पहिल्यांदा ती खूश होती ना. आता तो तिथे नव्हता.’ संगीतकार ही युक्ती मुद्दाम योजतात. चाल तीच, मधल्या वेळात माणसं बदललेली. हे मी तिला समजावून सांगितलं असतं तर तिनं मान हलवून पाणी मागितलं असतं.

तिकीट काढताना आणखी एक बघा. पैसे परवडले म्हणून अगदी पुढची रांग घेऊ नका, मुलांना तिथून रंगमंचाची कड आणि नटांचे बूट दिसतात. बाल्कनीची पहिली रांग चांगली, कठडा आड येत नसेल तर. तिथून नाच वरून दिसतो, कोण कुठून कुठे गेलं ते कळतं, आणि रंगमंचापुढे वादक बसतात त्या खड्ड्यातही डोकावता येतं.

त्या खड्ड्यापाशी मात्र शेवटी जायचंच. पडदा पडला, नटांनी वाकून नमस्कार केला, की लोक पर्सा शोधत उठतात, आणि बऱ्याच खेळांत खाली वादक तेव्हाही वाजवतच असतात. गेल्या वेळी आम्ही तिघं लोकांच्या उलट दिशेनं, खाली कठड्यापर्यंत गेलो. व्हायोलिनवाल्यानं शेवटचा स्वर संपवला, वाद्य खोक्यात ठेवलं, वर बघितलं. धाकट्यानं टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच. व्हायोलिनवाल्यानं खुर्चीवरून अर्धवट उठून मान लववली आणि मग खुर्चीखालून स्वतःचा जेवणाचा डबा काढला.

‘मावशी,’ धाकटा म्हणाला, ‘हे पण नाटकानंतरच जेवतात.’