अडसर ते बार

नमस्कार, श्रोतेहो.

जुन्या वाड्यात रात्री दरवाजा लावला की आतून एक जाड लाकूड आडवं ओढून घेत. तो अडसर. दिवसा तो भिंतीतल्या खोबणीत सरकवलेला असे, म्हणून परक्याच्या नजरेस पडत नसे. इंग्रजीतला 'बार' हा शब्द कानावर आला की मला आधी हा अडसर दिसतो, कारण मुळात बार म्हणजे हाच. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत गेला तेव्हा दार किंवा फाटक बंद करायचा दांडा एवढाच त्याचा अर्थ होता. पुढे त्या एका लाकडाला किती फांद्या फुटल्या, ते आज ऐकूया.

लंडनमध्ये वकिली शिकवणाऱ्या चार जुन्या संस्था आहेत. त्यांच्या सभागृहात ज्येष्ठांची जागा आणि विद्यार्थ्यांची जागा यांच्यामध्ये कठडा असे. तो कठडा म्हणजे बार. शिक्षण पुरं झालेल्या विद्यार्थ्याला त्या कठड्यापाशी बोलावलं, की तो झाला बॅरिस्टर. मोहनदास गांधींना इनर टेंपल या संस्थेनं असं बोलावलं ते 10 जून 1891 रोजी, आणि 12 जूनला ते मायदेशी निघालेसुद्धा. त्या शिक्षणात परीक्षांबरोबर एक अटही होती: ठरावीक वेळा संस्थेत जेवायला हजर राहायचं! बॅ. नाथ पै यांच्या नावाआधीच्या त्या एका अक्षरात तोच लाकडी कठडा उभा आहे. तालुक्याच्या कोर्टातल्या बाररूमची पाटीही त्याच लाकडाची.

मग दारूच्या दुकानाला तेच नाव कसं? तिथंही विकणारा आणि पिणारा यांच्यामध्ये आडवी फळी होती, आणि फळीचं नाव पुढे अख्ख्या दुकानाला पडलं. वकिलांचा बार आणि मद्याचा बार म्हणजे एकाच झाडाच्या दोन फळ्या. साबणाची लांबट वडी, चॉकलेटचा बार, संगीताच्या लिपीतली उभी रेघ, दुकानातला बारकोड, ही सगळी त्याच घरची मंडळी. बारकोडची कल्पना सुचलेल्या नॉर्मन वुडलंड यांनी मियामीच्या किनाऱ्यावर वाळूत बोटं ओढली होती. मोर्सचे ठिपके आणि रेघा खाली ताणल्या तर काय होईल, हे ते पाहत होते.

आता मात्र सावध ऐका. हवामानाच्या बातमीत पूर्वी 'मिलिबार' हा शब्द हमखास यायचा. समुद्रसपाटीला हवेचा सरासरी दाब साधारण 1013 मिलिबार. या बारचा त्या दांड्याशी काडीचाही संबंध नाही! हा आला ग्रीक 'बारोस'वरून, म्हणजे वजन. बॅरोमीटरही त्याचाच. आणि मला सर्वांत जास्त आनंद देणारी गोष्ट पुढेच आहे. हा ग्रीक 'बारोस' आणि आपला 'गुरु' एकाच मुळातून निघाले आहेत. गुरु म्हणजे आधी जड, वजनदार, गुरुत्वाकर्षणातला, लघु-गुरूतला. ऐकायला अगदी सारखे असलेले दोन बार एकमेकांचे कुणीच नाहीत, आणि ध्वनीत काहीच साम्य नसलेले बारोस आणि गुरु मात्र भाऊबंद आहेत. केवळ कानावर विश्वास ठेवून शब्दांची नाती जुळवू नयेत, हे मी रेडिओवरून, तुमच्या कानांशीच बोलताना सांगतोय.

आपल्याकडेही बार आहेतच. बंदुकीचा बार, तंबाखूचा बार, लग्नाचा उडवलेला बार. इंग्रजीशी त्यांचं देणंघेणं नाही. मराठ्यांच्या फौजेत सरकारी घोड्यावर बसणारा स्वार बारगीर. त्यातला फारसी 'बार' म्हणजे ओझं, आणि तो आपल्या 'भार' शब्दाचा सख्खा नातलग.

पण त्या लाकडी बारशी अर्थानं खरा जुळतो तो आपला 'दंड'. दंड म्हणजे काठी. त्याच काठीवरून शिक्षा आली, कोर्टात भरायची रक्कम आली, ओवीच्या चरणानंतरची उभी रेघ आली. इंग्रजांच्या काठीनं न्यायालयात जागेची वाटणी केली. आपल्या काठीनं शिक्षा दिली. हा फरक मला फार बोलका वाटतो.

दंडाचाच दांडा झाला. नदीच्या मुखाशी साचलेल्या वाळूच्या लांब पट्ट्याला आपण वाळूचा दांडा म्हणतो, आणि इंग्रजीत त्यालाही बारच म्हणतात. पोर्तुगीजांचा शब्द 'बार्रा', मूळ तेच. गोव्यात मांडवी नदीच्या मुखाशी, आग्वादपाशी, असा दांडा आहे. पावसाळ्यात समुद्र खवळला की तिथून खनिजाच्या बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या बोटी, बाहेर काढणं धोक्याचं होतं. मग त्या कुंभारजुवेच्या कालव्यातून झुआरी नदीकडे वळतात, कारण पाऊस ओसरेपर्यंत मांडवीच्या दाराला अडसर लागलेला असतो.

नमस्कार.