साडेसातचा जादा तास

सकाळचे साडेसात वाजलेत. मोहोळ तालुक्यातली एक झेडपी शाळा. परिपाठाला अजून वेळ आहे पण पाचवीच्या वर्गात सहा पोरं येऊन बसलीयत, सर एक कागद तीन घड्या घालून त्याला भोक पाडतात आन विचारतात, आता उघडला की कसा दिसंल? हा नवोदयच्या प्रवेश परीक्षेचा जादा तास.

इथनं पोखरापूर जवळच. सोलापूर जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय तिथंच आहे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून या शाळा देशभर पसरल्या, अगदी पहिल्या दोनातली एक आपल्या अमरावतीची. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश सगळं सरकारचं, त्यामुळं ज्या घरात आईबाप सहा महिने ऊसतोडीला बाहेर असतात त्या घरासाठी ही परीक्षा म्हणजे काय असतं ते वेगळं सांगायला नको.

पण हिशोब बघा. सहावीला जागा ८०, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागासाठी. जिल्ह्यात तालुके ११. नुसती सरासरी काढली तरी एका तालुक्याला सात पोरं येतात. परीक्षा दोन तासांची, प्रश्न ८०, त्यातले निम्मे बुद्धिमत्तेचे, वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा ओळखा असले. आन ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. दहा-अकरा वर्षाच्या पोराला त्या दिवशी ताप आला तर विषय संपला.

सोलापुरात पूर्व भागात गेलात तर गोष्ट अजून वेगळी. आई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळतीय, घरात बोलणं तेलुगू, शाळा मराठी. स्कॉलरशिपची परीक्षा तेलुगूत, कन्नडात, उर्दूत पण देता येते, ही फार मोलाची गोष्ट आहे, पण पोरगी शिकतीय मराठीतनं म्हणल्यावर पेपरही मराठीच. गणितात ती हुशार आहे, फक्त प्रश्न वाचतानाच तिचा निम्मा वेळ जातो आन मग मार्क कमी पडले की सगळे म्हणतात पोरगी साधारणच आहे.

माझा नवोदयला विरोध नाही, अजिबात नाही. हुशार पोराला त्याच्या तोडीचा अभ्यास मिळायलाच पाहिजे. मला खटकतं ते ही सहा पोरं निवडतात कशी ते. ज्याचं पाठांतर चांगलं, अक्षर चांगलं, जो रोज शाळेत येतो तो निवडला जातो, आन घडी घातलेल्या कागदाचा प्रश्न बाकीच्यांना कधी दिसतच नाही.

आम्ही या वर्गाचं शूटिंग करत होतो, त्याच्या तिसऱ्या दिवशी सरांना विनंती केली, आज सगळ्या वर्गाला घ्या. तोच कागद, तेच भोक. पोरं डोकी खाजवत बसली, आन खिडकीकडच्या बेंचवरची एक मुलगी, जी या तासाला कधीच नव्हती, तिनं उठून फळ्यावर आठ भोकं बरोबर जागी काढून दाखवली. सर बराच वेळ फळ्याकडंच बघत होते. मग खडू ठेवून म्हणाले, "रोज घेतो की सगळ्यांना, पण मग चौथी कोण बघणार?"

चौथी आन पाचवी, दोन्ही वर्ग त्यांच्याकडंच आहेत.