बसायचं नाही

(दृश्य: सभागृह, वरून. खाली रंगीबेरंगी टी-शर्टांचा समुद्र. घड्याळ.)

रविवार, पहाटेचे ४. शुक्रवारी संध्याकाळी ६ला ही मुलं उभी राहिली, ती अजून उभीच आहेत. ३४ तास झाले, १२ उरलेत.

(दृश्य: एक मुलगी, जवळून.)

हिचे डोळे उघडे आहेत, पण ही जागी आहे असं म्हणता येणार नाही. समोरच्या मैत्रिणीने तिचे दोन्ही हात धरलेत आणि ती एकामागून एक प्रश्न विचारतेय. कुत्र्याचं नाव काय? शाळेची बस कुठल्या रंगाची होती? सकाळी काय खाल्लंस? उत्तर यायला वेळ लागतो. कुत्र्याचं नाव दोनदा चुकतं. मान कलंडायला लागली की मैत्रीण हात झुलवते, गाण्याच्या ठेक्यावर. पायात बुटांचा तिसरा जोड आहे, एक नाडी सुटलेली. वाकून बांधायची सोय नाही, कारण वाकलेला माणूस टेकतो आणि टेकलेला झोपतो. नाडी मैत्रीणच बांधते.

तेवढ्यात मागून पाण्याची पिचकारी. मानेवर, नेम धरून. मारणारा असेल सहा-सात वर्षांचा. मुलगी खाडकन जागी.

(शीर्षक)

गावाचं नाव स्टेट कॉलेज. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या मधोमध, डोंगरांच्या कुशीत. गाव विद्यापीठामुळे वाढलं आणि विद्यापीठावरच जगतं: पेन स्टेट. समोर दिसतंय ते ब्राइस जॉर्डन सेंटर, पंधरा हजार माणसं मावतील एवढं. एरवी इथे बास्केटबॉल चालतो. फेब्रुवारीतल्या एका शनिवार-रविवारी मात्र इथे ‘थॉन’ असतं. मॅरेथॉनमधला शेवटचा तुकडा. धावायचं नाही, नाचायचं. ४६ तास. झोपायचं नाही आणि बसायचं नाही. चहा-कॉफीसुद्धा नाही.

हे सगळं चालवतात विद्यार्थी, कर्करोग झालेल्या मुलांच्या उपचारांसाठी पैसा उभा करायला. त्याची सुरुवात केली ती इथल्या फ्रॅटर्निट्यांनी.

(दृश्य: झाडांच्या रांगेमागची जुनी दगडी घरं, दारावर ग्रीक अक्षरं.)

फ्रॅटर्निटी म्हणजे काय, हे मराठीत एका शब्दात सांगता येत नाही. ‘बंधुमंडळ’ म्हटलं तर भजनी मंडळ डोळ्यांसमोर येतं. मुलांची ती फ्रॅटर्निटी, मुलींची सोरॉरिटी. दोन-तीन ग्रीक अक्षरांचं नाव, वार्षिक फी, एकत्र जेवण, एकत्र राहणं, नाचाचे कार्यक्रम, पार्ट्या, आणि बाहेरच्याला न सांगायचे काही विधी. सगळ्यात जुनी फाय बीटा कॅपा, १७७६ची. म्हणजे देश स्वतंत्र झाला त्याच वर्षाची. पुरुषांच्या या घरांत बायकांना जागा नव्हती, तेव्हा त्यांनी आपली वेगळी काढली. कॅपा अल्फा थीटा १८७०ची. गंमत म्हणजे पेन स्टेटमध्ये घरं आहेत ती मुलांची. सोरॉरिटीच्या मुली वर्षानुवर्षं वसतिगृहाच्या एकेका मजल्यावर राहत आल्या. दार बंद केलं की तो मजला हेच त्यांचं घर.

(दृश्य: मोकळ्या मैदानात पळत येणाऱ्या मुली, किंकाळ्या, मिठ्या.)

हा ‘बिड डे’. कुणाला कुठल्या सोरॉरिटीने घेतलं ते आज कळतं. पाकीट फोडायचं आणि धावत सुटायचं. पुढे प्रत्येकीला एक ‘बिग’ मिळते, मोठी बहीण म्हणा. ही ‘लिटल’. कोण कुणाची, हे कळेपर्यंत आठवडाभर भेटवस्तूंची लपाछपी चालते. आम्ही यातलं बरंच शूट केलं. खूप आवाज, खूप चमकी. पहिल्यांदा बघणाऱ्याला पोरकटपणा वाटेल. आम्हालाही वाटला.

पण या चमकीला जोडून एक हिशेबाची वही असते. जवळजवळ प्रत्येक सोरॉरिटीचं एक ठरलेलं काम आहे. डेल्टा गामा म्हटलं की दृष्टिहीनांसाठी, झीटा टाऊ अल्फा म्हटलं की स्तनांच्या कर्करोगाबद्दल जागृती. पेन स्टेटमध्ये या सगळ्यांच्या वर एक सामायिक काम आलं. ते हेच.

(दृश्य: जुने कृष्णधवल फोटो.)

१९७३. विद्यार्थी भवनाचा बॉलरूम. ७८ नाचणारे, ३० तास. जमले दोन हजार डॉलरच्या थोडे वर. पुढच्या वर्षी तास झाले ४८ (आजचे ४६ नंतर आले), आणि पैसा दर वर्षी वेगळ्या कामाला जायला लागला. १९७७मध्ये एका निधीशी कायमचं नातं जुळलं.

ख्रिस्तोफर मिलार्ड नावाचा मुलगा होता. कर्करोग झालेला. त्याने एक गोष्ट लिहिली: एक सरदार दुष्ट चेटकिणीच्या तावडीतून सुटायला चार हिरे शोधत निघतो. धैर्य, शहाणपण, प्रामाणिकपणा आणि बळ. १९७२मध्ये ख्रिस्तोफर गेला, १४ वर्षांचा होता. आईवडिलांनी, चार्ल्स आणि अर्मा मिलार्ड यांनी, त्या गोष्टीचं नाव देऊन निधी सुरू केला. फोर डायमंड्स. हर्शी गावच्या, हो, त्याच चॉकलेटच्या हर्शीच्या, बाल रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांसाठी. विम्याने भरल्यावर जे बिल उरतं ते हा निधी भरतो. अमेरिकेत ‘उरलेलं बिल’ म्हणजे काय, हे तिथे राहणाऱ्या कुणालाही विचारा. लोकांची घरं विकली जातात. फोर डायमंड्सच्या कुटुंबाकडे ते बिल येत नाही. उरलेला पैसा संशोधनाला.

(दृश्य: चौकातला लाल दिवा, डबा हातात घेतलेली मुलं. जुनं चित्रण.)

पैसे गोळा करायची जुनी पद्धत आपल्याला लगेच कळेल. सिग्नलला गाडी थांबली की काचेपाशी डबा. त्याला म्हणायचे ‘कॅनिंग’. वर्गणीच, पण पावतीपुस्तकाशिवाय. शनिवार-रविवारी गाड्या भरून मुलं दूरदूरच्या गावांत जायची. या प्रवासांत अपघात झाले, विद्यार्थी दगावले, आणि प्रथा टप्प्याटप्प्याने बंद झाली.

आता वर्षभर दुसरी कामं चालतात. शरद ऋतूत पाच किलोमीटरची दौड. आजी-काकांपासून जुन्या सदस्यांपर्यंत सगळ्यांना पत्रं, मेल, लिंक. एक फ्रॅटर्निटी आणि एक सोरॉरिटी, कधी तिघं मिळून, जोडी जमवतात आणि फेब्रुवारीपर्यंत एकत्र पैसा उभा करतात. ही सोयरीक जमवताना जे रुसवेफुगवे होतात, ते लग्नाच्या बैठकीलाही लाजवतील. सोयरीक पार्ट्यांवरून ठरते, कोण कुणाच्या नाचाला गेलं त्यावरून ठरते, आणि हिशेबाला बसताना तीच माणसं समोरासमोर बसतात. पुरेसा पैसा उभा केला की त्या संघटनेला नाचणाऱ्यांच्या जागा मिळतात. कुठल्याच संघटनेत नसलेल्यांनी ठरलेली रक्कम उभी करायची आणि चिठ्ठीची वाट बघायची. मैदानावर नाचतात सातशेहून अधिक. त्यांना उभं ठेवायला राबणारे हजारो.

(दृश्य: फुटबॉलच्या मॅचआधीचं पार्किंग. एका मुलाच्या डोक्यावर टक्कल, अंगावर त्याच्या दुप्पट मोठी जर्सी.)

आमच्या मते थॉनचा गाभा इथे आहे, सभागृहात नाही. प्रत्येक संघटनेला एकेक कुटुंब जोडून दिलेलं असतं. हा मुलगा एका फ्रॅटर्निटीला जोडलेला. आज मॅच आहे, बीव्हर स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणूस बसेल, आणि त्याआधी पार्किंगमध्ये शेगडी पेटवून सॉसेज भाजले जातायत. वीस वर्षांची दांडगी पोरं त्याच्याकडून बॉल पकडायला ‘चुकतात’. दर वेळी चुकतात. हे नाटक आहे हे त्याला पक्कं माहीत आहे. तो हसत नाही, उलट पंचासारखा हात वर करून गुण मोजतो. आई जरा लांब, घडीच्या खुर्चीवर. हातातलं ताट तसंच. आम्ही कॅमेरा बराच वेळ तिच्यावर ठेवला होता, नंतर काढून घेतला.

(दृश्य: रात्री, त्या दगडी घरांपैकी एक, लांबून. बंद दार.)

घरांच्या आत आम्हाला जाता आलं नाही. एका घराने दारातूनच परत पाठवलं. त्यामुळे इथे चित्र बाहेरचंच आहे. फेब्रुवारी २०१७मध्ये याच गावात, बीटा थीटा पायच्या घरी, नव्या सदस्यांच्या स्वागताच्या रात्री दारू पाजली गेली. १९ वर्षांचा टिमोथी पियाझा तळघराच्या जिन्यावरून कोसळला आणि जवळजवळ बारा तास कुणी मदत बोलावली नाही. दोन दिवसांनी तो गेला. घर कायमचं बंद झालं, २०१८मध्ये राज्यात त्याच्या नावाने रॅगिंगविरोधी कायदा आला. त्या फेब्रुवारीत थॉन पंधरवड्याने, ठरल्या तारखेला झालं.

(दृश्य: सभागृह. मंचावर रांगेत उभी मुलं, खाली हजारो हात एकाच वेळी वर.)

दर तासाला हे होतं. ‘लाइन डान्स’. दर वर्षी नवा बसवतात, आणि ओळींमध्ये त्या वर्षीच्या बातम्या, विद्यापीठातल्या गमती, कोण जिंकलं, कोण हरलं, सगळं यमकात. शुक्रवारी संध्याकाळी मुलं अडखळतात. शनिवारी दुपारी चोख. रविवारी पहाटे डोकं बंद पडलेलं असतं, हात आपोआप चालतात. बघा: हिचे डोळे मिटलेत, आणि एकही पाऊल चुकलेलं नाही.

टी-शर्टाच्या रंगावरून समिती ओळखायची. कचरा उचलणारे वेगळे, जेवण देणारे वेगळे, नियम बघणारे वेगळे. प्रत्येक नाचणाऱ्यामागे एक स्वयंसेवक, पोटऱ्या चोळायला, पाणी द्यायला, कुत्र्याचं नाव विचारायला. टपालसुद्धा येतं. घरच्यांनी, मित्रांनी लिहिलेल्या पत्रांचा गठ्ठा हातात पडतो, आणि उभ्याउभ्या वाचताना रडू फुटतं. थकवा असतो, दुसरं काय. एकट्याने ४६ तास उभं राहणं जवळपास अशक्य, हे इथे कुणीही सांगेल. शेजारचा उभा आहे म्हणून आपण उभे.

२०२१मध्ये शेजारी कुणीच नव्हतं. साथ होती, खुर्च्या रिकाम्या, मुलं आपापल्या खोलीत पडद्यासमोर. तरी एक कोटी डॉलरच्या वर जमले.

(दृश्य: रविवार दुपार. मंचावर एक कुटुंब. निवेदन नाही. ४० सेकंद.)

(दृश्य: मंचावर पाठमोरे फलक.)

शेवटची काही मिनिटं. २०२५. पैशाचा आकडा आतापर्यंत मूठभरांनाच ठाऊक आहे. संगीत थांबलंय. सगळ्यांचे हात वर, अंगठे आणि तर्जन्या जोडून हिऱ्याचा आकार. फलक वर जातात.

१, ७७, ३७, ०४० डॉलर आणि ९३ सेंट.

१९७७पासूनची बेरीज आता २० कोटी डॉलरच्या पुढे आहे. हे ९३ सेंट मात्र आमच्या संपादकाच्या डोक्यातून जात नाहीत. त्याचं म्हणणं, कुणीतरी खिसा उलटा केला असणार.

(दृश्य: तीच मुलगी.)

४ वाजले. परवानगी मिळाली. ती बसत नाही. आजूबाजूला सगळे धपाधप खाली बसतायत, ही तशीच उभी, गुडघा कसा वाकवायचा ते विसरल्यासारखी. मैत्रीण आधी बसते आणि तिला हाताने खाली ओढते. मग ती फरशीवर पाय पसरून बूट काढते. मोजा निघत नाही, चिकटलाय.

पिचकारीवाला येतो. पिचकारी रिकामी आहे. तरी तो नेम धरतो.

(काळोख. श्रेयनामावली.)