दुसऱ्या काट्याची बाजू

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

समुद्र आणि आपल्यामध्ये सह्याद्री आडवा असूनही, पोहण्याच्या तलावात स्कूबा शिकून पुढे तारकर्ली, नेत्राणी किंवा अंदमान गाठणारे पुणेकर आता इतके झाले आहेत, की सिलिंडर, त्यातील हवा श्वासाजोग्या दाबावर आणणारा रेग्युलेटर आणि हवेचा दाब दाखवणारे गेज म्हणजे काय हे या सभागृहात समजावत बसणे हा आपला अपमान ठरेल. आणि पुण्यात अपमान करण्याचा अधिकार फक्त पाट्यांना आहे. म्हणून थेट प्रश्नाकडे येतो. डाइव्हला जाताना एक गेज पुरेसे आहे, की दुसरेही जवळ असावे? मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे, पण एका अटीवर, आणि त्या अटीसाठीच आजचे व्याख्यान आहे.

तत्पूर्वी एक तक्रार मांडू द्या. कोकण किनाऱ्यावरील एका ठिकाणी भाड्याने मिळालेला रेग्युलेटर मी सिलिंडरला जोडण्याआधी हातात घेतला, तेव्हा त्याच्या गेजचा काटा शून्याऐवजी ४० बारवर विसावलेला होता. हवाच जोडलेली नाही, तर हे ४० बार आले कोठून, असे मी विचारले. तेथील गृहस्थांनी अत्यंत शांतपणे उत्तर दिले, "चाळीस वजा धरा, साहेब. सगळे तसेच धरतात." भाड्यातून मात्र त्यांनी काहीही वजा धरले नाही.

मला राग आला तो निष्काळजीपणाचा नव्हे, तर त्या वजाबाकीतील आत्मविश्वासाचा. या सभेत पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत बॉयलरवरील गेज पाहण्यात आयुष्य घालवलेले काही जण असतील; त्यांना बूर्दाँ नळी ठाऊक आहे. १८४९ मध्ये फ्रान्सच्या यूजेन बूर्दाँ यांनी पेटंट घेतलेली ती चपटी, वाकवलेली धातूची नळी आत दाब आला की सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाच्या हालचालीने काटा फिरतो. ती नळी कायमची वाकली असेल, किंवा काटा कोठे घासत असेल, तर शून्यावर दिसणारी चूक १०० बारवरही तेवढीच राहील याची हमी कोणीही देऊ शकत नाही. शिवाय ४० बार म्हणजे किती, हेही पाहा. आपल्या नेहमीच्या ११ लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये ती सुमारे ४४० लिटर हवा होते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस २० मीटर खोलीवर, तेथील तिप्पट दाबामुळे, ६० लिटर घेतो, म्हणजे ती जेमतेम सात मिनिटे पुरते. बडीची, म्हणजे जोडीच्या डायव्हरची, हवा संपून दोघांना एकाच सिलिंडरवर तेवढ्या खोलीवरून, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबून, सावकाश वर यायचे झाले तर साधारण ३२ बार लागतात, आणि घाबरलेली माणसे त्याहून जास्त हवा घेतात. वजा धरायला सांगितलेला आकडा हा असा होता. (गेज नसताना लोक डाइव्ह करतच होते, हे मला मान्य आहे, त्यांच्या सिलिंडरला राखीव हवेची दांडी असे, आणि ती नकळत आधीच ओढली गेली असली तर राखीव हवा गरजेच्या वेळी मिळत नसे.)

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे म्हणतात. त्यांचे घड्याळ बरोबर आहे असे गृहीत धरतो.

तर अट अशी, की दुसरे गेज पहिल्याच जातीचे नसावे. मनगटावरील कॉम्प्युटरला सिलिंडरचा दाब बिनतारी कळवणाऱ्या ट्रान्समीटरकडून आकडा मिळत असेल, तर बॅटरी संपणे, पाण्यात फार दूर न जाणारा संदेश तुटणे, कॅमेऱ्याच्या फ्लॅशने तो बिघडणे ही त्याची दुखणी आहेत. साध्या काट्याला यांपैकी एकही नाही, त्याची दुखणी वेगळी आहेत. म्हणून रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजला, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या भागाला, उच्च दाबाची दोन तोंडे असतील, तर एकावर ट्रान्समीटर आणि दुसऱ्यावर छोटे पितळी गेज लावावे. एकाच बनावटीची दोन गेज लावण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

आक्षेप असा घेतला जातो, की एक होज, म्हणजे हवेची नळी, वाढली की सांध्यांतील गळणाऱ्या रबरी ओ-रिंगाही वाढतात. आक्षेप खरा आहे, पण उच्च दाबाच्या होजचे छिद्र मुद्दाम बारीक ठेवलेले असल्याने ती फुटली तरी हवा तुलनेने हळू जाते. कमी दाबाची होज फुटली तर सिलिंडर कितीतरी लवकर रिकामा होतो, आणि त्या होज आपण निमूटपणे तीन-चार बाळगतो.

दोन्ही आकडे जुळले नाहीत तर कमी आकडा खरा मानावा, बडीला खूण करावी आणि वर यावे. एक गेज बंद पडले म्हणून दुसऱ्यावर डाइव्ह पुढे चालू ठेवणाऱ्यांशी माझे मतभेद आहेत. ते प्रश्नोत्तरांत मिटवू. आणि उडी मारण्यापूर्वी काट्याकडे पाहत तीन-चार श्वास घ्या. श्वासागणिक काटा खाली जाऊन पुन्हा वर येत असेल, तर सिलिंडरची व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेली नाही.