थार, व्ही-क्रॉसला मोठे टायर आणि लिफ्ट: आधी काय बदलायचं?

नमस्कार मंडळी! थार, जिम्नी, व्ही-क्रॉस (इसुझूचा पिकअप) अशा फोर बाय फोर गाड्यांबद्दल आज बोलू. पाऊस तोंडावर आलाय आणि या दिवसांत एक प्रश्न हमखास येतो: "दोन इंची लिफ्ट टाकतोय, कोणते टायर बसतील?" माझ्या मते हा प्रश्न उलट्या बाजूने विचारला जातो. आधी टायर ठरवा. लिफ्ट, म्हणजे गाडी वर उचलून घेणं, लागते की नाही, हे तो टायरच सांगतो. आणि ठाण्याहून मुरबाड, शहापूर, जव्हारकडे पावसाळ्यात भटकणाऱ्या बहुतेक गाड्यांना लिफ्टची गरजच पडत नाही. का, ते गाडीखाली शिरूनच दाखवतो. कोलशेतच्या एका गॅरेजमध्ये थार रॅम्पवर घेतली आहे.

(कॅमेरा गाडीखाली, टॉर्च मागच्या ॲक्सलवर)

हा मधला गोल, फुगीर भाग बघा. हा मागचा डिफरन्शियल, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही चाकांत वाटणारा गिअरचा डबा. त्याच्या खालच्या कडेचा रंग पूर्ण उडालाय आणि तिथे लांबट, सरळ ओरखडे आहेत. शेताकडे जाणाऱ्या वाटेवर ट्रॅक्टरने खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात. आपली चाकं त्या चाकोरीत उतरतात आणि मधला उंचवटा थेट इथे लागतो. उंचवट्यात दगड असेल तर ओरखडा येतो, चिखल असेल तर गाडी पोटावर बसते आणि चाकं जागच्या जागी फिरत राहतात.

आता नीट लक्ष द्या. लिफ्ट म्हणजे काय? स्प्रिंग उंच करून बॉडी आणि चासी वर उचलणं. पण थारचा मागचा ॲक्सल सलग आहे, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत अखंड. तो चाकांना जोडलेला आहे, स्प्रिंगच्या खाली आहे. वर दोन इंच उचला नाहीतर चार इंच, हा डिफरन्शियल जमिनीपासून होता तिथेच राहणार. एक मिलिमीटरही वर येणार नाही. तो वर येतो फक्त टायर मोठा केल्यावर. जिम्नीचे तर पुढचा-मागचा दोन्ही ॲक्सल असे सलग आहेत. व्ही-क्रॉसला मागे गोल स्प्रिंगऐवजी पाटे आहेत, पण ॲक्सल सलगच, म्हणजे हिशोब तोच.

हिशोब आपण इथेच करू. थारच्या 16 इंची रिमवर कंपनी 245/75 आर 16 देते. 245 ही मिलिमीटरमध्ये रुंदी, 75 म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 75 टक्के. म्हणजे भिंत साधारण 184 मिलिमीटर. वर एक, खाली एक, मध्ये 406 मिलिमीटरची रिम. एकूण उंची 774 मिलिमीटर. आता 265/75 आर 16 घ्या. तो येतो 804. टायर 30 मिलिमीटरने वाढला, पण ॲक्सल चाकाच्या मध्यावर असतो, म्हणून खाली जागा मिळाली निम्मी, 15 मिलिमीटर. 285/75 घेतला तर उंची 834 आणि जागा 30 मिलिमीटर. ऐकायला थोडं वाटतं, पण चाकोरीत डिफरन्शियल टेकतोय की सुटतोय हे एवढ्यावरच ठरतं.

मग लिफ्टचा उपयोग काय? आहे ना. बंपर बांधाला आधी लागणं, चढून उतरताना मधलं पोट टेकणं, हे लिफ्टने कमी होतं. आणि मोठा टायर आत घासू नये म्हणून जागा मिळते. एवढंच तिचं काम.

(कॅमेरा पुढच्या चाकावर)

टायर घासतो का, हे दुकानदाराच्या तोंडी भरवशावर सोडू नका. टायरच्या कडेला जाड खडू फिरवा. पुढचं एक चाक उंच दगडावर किंवा फळीच्या थरावर चढवा, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबेल. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि लायनर, म्हणजे चाकावरच्या कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर, तपासा. खडूचे पट्टे उमटले की टायर तिथे लागतोय. सपाट फरशीवर उभ्या गाडीत हे कधीच दिसत नाही. टायर लायनरच्या प्लास्टिकला जरासा लागत असेल तर तेवढा भाग मागे दाबून किंवा छाटून भागतं. पत्र्याला किंवा चासीला लागत असेल तरच लिफ्टचा विचार करा. ती चाचणी करूनही 265 नीट बसला तर तिथेच थांबा, असं मी मनापासून सांगेन. 285 ला रिमही रुंद लागते आणि तिथून खर्च एकाला एक लागून वाढत जातो.

त्याचं कारण उंचीइतकंच वजनात आहे. 285 ने चाकाचा घेर जवळपास 8 टक्के वाढतो. काट्यावर 80 दिसतील तेव्हा गाडी 86 ने पळत असेल. घाट चढताना गाडी सतत एक गिअर वरचा लागल्यासारखी ओढते. लो रेंजमध्ये (फोर बाय फोरचे कमी वेगाचे, जास्त ताकदीचे गिअर) उतारावर इंजिन जी पकड देतं, तीही तेवढी कमी होते. ब्रेकला जड चाक थांबवावं लागतं. घोडबंदर रोडवर पाऊस चालू असताना गायमुखच्या उतारावर समोरचा कंटेनर अचानक थांबला, तर हा फरक पायाखाली जाणवतो.

म्हणून टायरचा प्रकारही सांगतो. पूर्ण चिखलाचे, मोठ्या ठोकळ्यांचे एमटी टायर दिसायला जबरदस्त असतात. पण आपली गाडी आठवड्यातले बहुतेक दिवस वाशी, ऐरोली, माजिवडा करते. ओल्या डांबरावर आणि शेवाळलेल्या काळ्या पाषाणावर त्या ठोकळ्यांची पकड कमी पडते. ज्यांच्या ठोकळ्यांना बारीक चिरा आहेत असे एटी, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींना चालणारे टायर घ्या. आणि लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको.

चिखलात शिरण्याआधी हवा कमी करा. 20 पीएसआयच्या आसपास आणली की टायर लांबट पसरतो आणि गाडी रुतायची थांबते. डांबरावर परतण्याआधी पुन्हा भरायची, म्हणून छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवा. माझ्या लेखी लिफ्टपेक्षा हा कॉम्प्रेसर जास्त कामाचा. आणि मंडळी, येऊर हे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथे गाडी रस्त्याखाली उतरवायची नाही. लावणीच्या दिवसांत कुणाच्या खाचरातून जायचं नाही.

आता लिफ्ट ठरलीच असेल, तर स्पेसर आणि पूर्ण किट यातला फरक समजून घ्या. स्पेसर म्हणजे स्प्रिंगवर बसवलेली चकती. स्वस्त पडते, पण शॉकअप जुन्याच लांबीचा राहतो, त्यामुळे चाक खाली सुटायला जागा कमी उरते आणि खड्ड्यातून गाडी आपटत निघते. घ्यायचं तर स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही जुळणारं किट घ्या. थार आणि व्ही-क्रॉसला पुढे प्रत्येक चाक स्वतंत्र आहे. तिथे गाडी उचलली की ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, तिरका होतो, त्याच्या सांध्यावरचे रबरी बूट ताणले जातात. बूट फाटला की ग्रीस बाहेर, चिखल आत, आणि जॉइंट गेलाच म्हणा. जिम्नीत लिफ्टनंतर ॲक्सल एका बाजूला सरकतो, म्हणून लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड (ॲक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) लागतो. ब्रेकचे पाइप ताणले जात नाहीत ना, हे चाक पूर्ण लटकवून बघा.

कायद्याचंही बोलायलाच हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये यावर ठाम निकाल दिलाय. कलम 182 अ मध्ये नियमबाह्य प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. ठाण्याची एमएच 04 असो, नवी मुंबईची 43 असो की पनवेलची 46, पैसे भरण्याआधी आरटीओत विचारा. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, नाहीतर ऐन क्लेमच्या वेळी अडचण होते.

आणि सोसायटीचं पार्किंग मोजा! ठाण्यात, खारघरमध्ये कितीतरी इमारतींत यांत्रिक पार्किंग आहे. हार्डटॉप थारची उंची साधारण 1.85 मीटर. त्यात लिफ्टचे 50 मिलिमीटर आणि टायरचे 15 मिळवा, वर कॅरिअर असेल तर तोही. खांबावर लिहिलेल्या उंचीशी ताडून बघा.

काम झाल्यावर अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. हेडलाइट खाली वळवून घ्या, कारण गाडी उचलली की झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. स्टेपनीही त्याच मापाची घ्या आणि मागच्या दाराच्या बिजागरीवर तिचं वाढलेलं वजन कसं बसतंय ते दार उघडून, हलवून बघा. शंभरेक किलोमीटर झाले की सगळ्या चाकांचे नट पान्याने पुन्हा आवळून घ्या.