दार कुठल्या बाजूला? : ३ सप्टेंबर १९६७

(दृश्य : कुंग्सगाटान रस्ता, कृष्णधवल फीत. सुरुवातीची वीस सेकंदं निवेदन नाही.)

रविवार, ३ सप्टेंबर १९६७. स्टॉकहोममधला कुंग्सगाटान. पहाटेचे पाच वाजायला दहा मिनिटं कमी आहेत आणि रस्त्यावर ही झुंबड. खासगी गाड्यांना देशभर रात्री एकपासून बंदी आहे, इथे तर शनिवारी सकाळी दहापासूनच. तरी टॅक्सी आहेत, बस आहेत, सायकली आहेत. आणि नुसते बघायला आलेले तर विचारूच नका.

आज स्वीडन रस्त्याची बाजू बदलतोय. कालपर्यंत डावी, आजपासून उजवी.

नियम असा. ४ वाजून ५० मिनिटांनी असाल तिथे थांबायचं. मग समोरच्याला सांभाळत, हळूहळू, उजवीकडे सरकायचं. सरकून झालं की पुन्हा थांबायचं. पाचचा ठोका पडला की निघायचं. दोनदा थांबायचं ते अशासाठी, की तुम्ही पलीकडे पोचलात म्हणजे समोरचाही अलीकडे पोचला असं होत नाही. त्याला पोचू द्यावं लागतं.

याच दहा मिनिटांतला एक फोटो दर ३ सप्टेंबरला मोबाइलवर फिरतो, खाली 'बघा काय गोंधळ झाला' अशी ओळ टाकून. गाड्या वेड्यावाकड्या दिसतात, हे खरं. पण बाजू बदलताना त्या सरळ कशा दिसणार?

(दृश्य : जुना हमरस्ता, मोटारीच्या आतून)

स्वीडनमध्ये डावी बाजू १७३४ पासूनची. शेजारी नॉर्वे, फिनलंड, डेन्मार्क सगळे उजवीकडून चालणारे. म्हणजे सरहद्द ओलांडली की बाजू बदला, परतताना पुन्हा बदला. तेवढंच असतं तर चाललं असतं. खरी मजा गाडीच्या आत होती. गाडी चालायची डावीकडून, आणि दहातल्या नऊ मोटारींचं स्टिअरिंगही डावीकडेच.

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं, रस्त्याच्या मध्याजवळ. पुढच्या ट्रकला मागे टाकायचं तर ड्रायव्हर जरा डोकावतो, समोरून कुणी येत नाही ना ते बघतो, मगच बाहेर काढतो. स्वीडनचा ड्रायव्हर बसायचा क्लिनर साइडला. त्याला समोरचं दिसायच्या आधी आख्खी गाडी मध्यरेषेपलीकडे काढावी लागायची. शेजारी कुणी बसलेलं असेल तर त्याने सांगायचं, 'येऊ दे, येऊ दे.' एकटाच असेल तर देवाचं नाव. अरुंद दुपदरी रस्त्यांवर समोरासमोर टकरी व्हायच्या त्या यामुळे.

१९५५ साली लोकांना मतदानाने विचारलं. सुमारे ८३ टक्के म्हणाले, आमची डावीच बरी. सरकारने कौल नम्रपणे ऐकून घेतला, आठ वर्षं जाऊ दिली आणि १९६३ च्या मे महिन्यात संसदेत उजव्या बाजूचा ठराव मंजूर करून घेतला. पंतप्रधान होते टागे एरलांडर. १९६७ साली दळणवळण खातं सांभाळत होते ओलोफ पाल्मे. हो, तेच, ज्यांचं नाव पुढे बोफोर्सच्या बातम्यांमुळे आपल्याकडच्या चहाच्या टपऱ्यांपर्यंत पोचलं.

(दृश्य : दुधाचे खोके, पोस्टर, दुकानाची काच)

आता तयारी. हातात चार वर्षं. सरकारी आयोग नेमला, मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेतला. त्यांचं म्हणणं, नियम समजावणं सोपं आहे, सवय मोडणं अवघड, तेव्हा माणूस जिथे जाईल तिथे त्याला आठवण झाली पाहिजे. मग आयोग जिथे तिथे पोचला. उजव्या बाजूच्या वाहतुकीला स्वीडिशमध्ये 'ह्योगेरट्राफिक' म्हणतात, त्यातलं पहिलं अक्षर एच. ते अक्षर आणि त्यातून डावीकडून उजवीकडे जाणारा बाण, अशी खूण तयार झाली. ती दुधाच्या खोक्यांवर छापली. अंतर्वस्त्रांवरही छापली. तिथे ती वाहनचालकाला नेमकी केव्हा दिसणार, याचा खुलासा आयोगाने केलेला आढळत नाही.

गाणीही मागवली. त्यात जिंकलेल्या गाण्याचं नाव होतं 'उजवीकडे राहा, स्वेन्सन'. स्वेन्सन म्हणजे तिकडचा जोशी-पाटील. स्वीडिशमध्ये 'डावीकडची सळसळ' म्हणजे लग्नाबाहेरची भानगड. त्यामुळे 'उजवीकडेच राहा' हा उपदेश एकाच वेळी वाहतूक खात्याचाही होता आणि घरच्या माणसांचाही. गाणं चाललं नसतं तरच नवल.

(दृश्य : शिडीवर चढलेले कामगार, काळं प्लास्टिक)

हे दृश्य जरा सावकाश बघू.

सिग्नल चौकाच्या एका बाजूने बघायचे असतात. बाजू बदलली की जुना खांब चुकीच्या ठिकाणी उभा. तो रात्रीतून उपटून पलीकडे रोवता येत नाही, खाली तारा असतात. म्हणून चौकाचौकांत महिनोन्महिने आधी दुसरे खांब आणि दुसरे सिग्नल उभे केले आणि काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवले. रस्त्यावरचे पट्टेही दोनदा आखले. जुने पट्टे पिवळे होते. नवे पांढऱ्या रंगात मारले आणि त्यांच्यावर काळी चिकटपट्टी लावली. ती वेळेआधी सुटली तर चालकाला दोन्ही पट्टे दिसणार, आणि माणूस हमखास नको तोच धरणार. म्हणून सगळं एकाच रात्रीत उघडायचं. प्लास्टिक काढायचं, चिकटपट्टी सोलायची, जुन्या सिग्नलना बुरखा घालायचा. पाट्या होत्या सुमारे ३ लाख ६० हजार. नगरपालिकांची माणसं कमी पडली, तेव्हा लष्कराला बोलावलं. रणगाड्यावरच्या जवानाच्या हातात पाना आणि 'प्रवेश बंद'ची पाटी.

फाट्यांना वेगळा हिशेब. मोठ्या रस्त्यावरून फुटणारी वाट डाव्या वाहतुकीच्या वळणाने आखलेली असते. बाजू उलटली की तिथे गाडीला काटकोनात वळावं लागतं. ते कोपरे फोडून पुन्हा बांधावे लागले.

मोटारींचे दिवेही बदलायचे होते. खालचा झोत सरळ पडत नाही, मुद्दाम फुटपाथकडे कललेला असतो, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांवर येत नाही. बाजू बदलली की तोच झोत समोरच्याच्या डोळ्यांत. त्या काळी बहुतेक गाड्यांना एकाच मापाचे, सात इंची गोल दिवे असायचे, म्हणून बदलणं स्वस्तात झालं. पुढे प्रत्येक गाडीचा दिवा वेगळ्या आकाराचा झाला. आणखी वीस वर्षं थांबले असते तर या दिव्यांनीच दिवाळं काढलं असतं.

(दृश्य : बस आगार, पत्रा कापण्याचं काम)

आता मुख्य मुद्दा. मोटारीला दोन्हीकडे दारं असतात. बसला नसतात.

आपली लाल परी डोळ्यांसमोर आणा. दार डावीकडे, फुटपाथच्या बाजूला. उद्यापासून तिला उजवीकडून चालवा, तर प्रवासी उतरणार थेट रस्त्याच्या मध्यावर, मागून येणाऱ्या ट्रकसमोर. तेव्हा दार पलीकडे न्यायला हवं. पण दार म्हणजे नुसतं भोक नव्हे. पत्रा कापला की सांगाड्याचा खांब जातो, तो ताण दुसरीकडे द्यावा लागतो. पायऱ्या खाली उतरतात, तिथे आधीपासून काय बसवलंय ते हलवावं लागतं. दाराची हवेची नळी, आसनांची मांडणी, सगळं फिरतं. आणि हे करताना बस त्या दिवसापर्यंत डावीकडून चालवायची असतेच. मग जुनं दार ठेवून नवं काढायचं, दोन्हीकडे दारं. स्वीडनने अशा सुमारे ८,००० बस बदलून घेतल्या आणि उजव्या दाराच्या सुमारे १,००० नव्या घेतल्या. गोथेनबर्ग आणि माल्म्यो या शहरांनी जुन्या बस पाकिस्तान आणि केनियाला विकल्या. तिथे डावी बाजू शाबूत होती.

(दृश्य : फुलांनी सजवलेली ट्राम. इथे संगीत.)

ट्रामला मात्र गिऱ्हाईक नव्हतं.

ट्रामचं दार एका बाजूला असतंच, शिवाय रस्ताही तिला बांधलेला असतो. सांधा, म्हणजे एका रुळावरून दुसऱ्यावर जायची जागा, एका दिशेने गाडी यायची म्हणून बसवलेला असतो. दोन वाटा मिळून एक होते त्या दिशेने गाडी आली तर चाकं आपोआप जुळतात. तीच गाडी उलट दिशेने आली की प्रत्येक सांध्यावर कुठे वळायचं ते ठरवावं लागतं, आणि सांध्याचं सरकतं पातं नीट बसलं नसेल तर चाक रुळावरून खाली. थांब्यांचे ओटे चुकीच्या बाजूला. शेवटच्या थांब्यावरचं वळसा घ्यायचं वर्तुळही उलट्या दिशेचं.

हे जमत नाही असं नाही. गोथेनबर्ग आणि नॉरशॉपिंगने सांधे बदलले, दारं बदलली, आणि तिथे ट्राम आजही धावते. स्टॉकहोमने आपल्या शहरातल्या ट्राम २ सप्टेंबरच्या रात्री शेवटच्या चालवल्या. हेलसिंगबोर्गनेही. ट्राम काढायचं स्टॉकहोमच्या मनात आधीपासून होतंच, मेट्रोचं जाळं वाढत होतं. उजव्या बाजूने निमित्त दिलं. मुंबईला तेवढंही लागलं नाही. आपली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली, तेव्हा मुंबईत बाजू कुणी बदलत नव्हतं.

फ्रेमच्या कडेला, ट्रामच्या पायरीवर उभे आहेत त्यांच्याकडे बघा.

(दृश्य : सोमवार, ४ सप्टेंबर. शाळेची मुलं, झेब्रा क्रॉसिंग)

पुढे काय झालं ते थोडक्यात. सोमवारी देशभरात १२५ अपघात नोंदले गेले. त्याआधीच्या सोमवारी १३० ते १९८ असायचे. जीव कुणाचाही गेला नाही. वेगमर्यादा कमी केली होती आणि जो तो जीव मुठीत धरून चालवत होता. दोन वर्षांत सवय झाली, अपघातही पूर्वीच्या आकड्यावर आले. पुढच्या वर्षी, २६ मे १९६८ ला, आइसलंडनेही बाजू बदलली.

(दृश्य : स्टॉकहोम मेट्रो, आजची. फलाटावरून.)

रस्ता बदलला, पण ट्राम सोडली तर रुळांवर फार थोडं हललं. स्टॉकहोमची मेट्रो आजही डावीकडून धावते. तिच्या वाटेत कुणाची गाडी समोरून येत नाही, म्हणून तिला कुणी हात लावला नाही. आणि दारं म्हणाल, तर तिला दोन्ही बाजूंना आहेत.