रक्तातला इंडिकेटर

नमस्कार श्रोतेहो.

विरारहून पहाटेची लोकल पकडून परळला येणारी काही माणसं सकाळची गोळी न घेता, खिशात ठेवून येतात. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेली ही मंडळी. टॅक्रोलिमस, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायची ही गोळी; तिची रक्तातली पातळी मोजायची, तर रक्त गोळीच्या आधी द्यावं लागतं. आणि रिपोर्ट हातात आला की नजर पहिल्यांदा जाते ती क्रिएटिनिनवर, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते त्या टाकाऊ पदार्थाच्या आकड्यावर.

हे क्रिएटिनिन म्हणजे वरातीमागून घोडं! शरीर परक्या किडनीवर उठतं, इजा होते, आणि मग कुठे आकडा चढतो. चढला तरी कारण सांगत नाही. नकार, म्हणजे शरीरानं किडनी नाकारणं असेल, औषधाचाच त्रास असेल, किंवा तुम्ही पाणीच कमी प्यायला असाल. खात्री करायला बायॉप्सी. (सुई पाठीत नाही हं, ओटीपोटाच्या बाजूला, नवी किडनी तिथेच बसवलेली असते.) पण सुई टोचायची तरी किती वेळा?

म्हणून संशोधक रक्तातल्या पांढऱ्या पेशींकडे वळले. जनुकं म्हणजे रेल्वेचं छापील वेळापत्रक, जवळपास सगळ्या पेशींत तेच. पण आत्ता कोणती गाडी लागतेय, हे इंडिकेटरच सांगतो. पेशीतला इंडिकेटर म्हणजे आरएनए. किडनीवर हल्ल्याची तयारी चालली असेल, तर काही जनुकांचा आरएनए वाढतो, काहींचा घटतो. क्रिएटिनिन हलण्याआधीच हे टिपता आलं तर?

2014 साली अशा 17 जनुकांची एक रक्तचाचणी प्रसिद्ध झाली. आकडे झकास होते. पुढे ती नेहमीच्या रुग्णांच्या मोठ्या गटावर लावून पाहिली, तर नकार ओळखायला काही उपयोगी पडेना. मला स्वतःला याचं फारसं नवल वाटलं नाही. निवडक नमुन्यांवर चाचणी पास होणं निराळं, ओपीडीतली गर्दी निराळी. साधा जंतुसंसर्ग झाला तरी याच पांढऱ्या पेशी खडबडून जाग्या होतात. आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

माझ्या मते अशा चाचण्यांना प्रश्न उलटा विचारावा: ‘आत सगळं शांत आहे ना?’ याचं भरवशाचं उत्तर मिळालं, तरी कितीतरी जणांची सुई टळेल.

एक गंमत मात्र खरी. गोळ्या बंद होऊनही ज्यांची किडनी टिकली, अशा मोजक्या लोकांच्या रक्तात बी पेशींची (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींची) काही जनुकं जास्त जागी दिसली, असं 2010 मध्ये प्रसिद्ध झालं. हे ऐकून कुणी आपल्या मनानं गोळी सोडू नका. उद्या रक्त द्यायचं असेल, तर ती खिशात ठेवा. नळी भरली की लगेच घ्या.